वकिलाच्या ऑफिसात एआय आलं. चूक झाली तर जबाबदार कोण?

तुम्हाला मिळालेला चेक बाऊन्स झाला, तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत समोरच्याला लेखी नोटीस जावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला 15 दिवस. तेही संपले, की एका महिन्यात कोर्टात तक्रार. मुदत हुकली, तर केस अडचणीत.

या तारखा आधी डायरीत आणि कारकुनाच्या डोक्यात असायच्या. आता अनेक ऑफिसांत ते काम सॉफ्टवेअर करतं.

मशीन काय करतं?

ई-कोर्ट्स ॲपवर 16 अक्षरा-अंकांचा सीएनआर नंबर टाकला, की केसची पुढची तारीख आणि आधीचे आदेश दिसतात. ठरलेल्या नमुन्यात अशिलाचं नाव, रक्कम, पत्ता भरून नोटीसही तयार होते. इथे नियम पक्का असतो. माहिती बरोबर भरली, तर उत्तर बरोबर येतं आणि ते तपासताही येतं.

मग गडबड कुठे होते?

चॅटजीपीटीसारखं टूल मात्र शब्दांचा अंदाज बांधत लिहितं. ‘या मुद्द्यावर जुने निकाल दे’ म्हटलं, तर ते खरे वाटणारे, पण कधीच न झालेले निकालही देऊ शकतं.

2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एव्हियांका विमान कंपनीविरुद्धच्या केसमध्ये वकिलांनी असे सहा बनावट निकाल सादर केले. 5,000 डॉलर दंड झाला.

आपल्याकडेही हे घडलंय. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाने एका कंपनीचा इन्कम टॅक्स असेसमेंटचा आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. एआयच्या उत्तरावर डोळे झाकून विसंबू नका, पडताळून घ्या, असं कोर्टाने बजावलं.

तुम्हाला याचं काय?

‘एआयने चुकवलं’ ही सबब कोर्टात चालत नाही. कागदावर सही वकिलाची, म्हणून जबाबदारीही त्याचीच. पण केस लांबली, तर वेळ आणि पैसा तुमचा जातो.

म्हणून वकिलांना तीन प्रश्न बिनधास्त विचारा: माझी कागदपत्रं कुठल्या एआय टूलवर टाकता का? दाखला दिलेले निकाल कोणी मुळातून वाचलेत का? आणि ड्राफ्टिंगचा वेळ वाचत असेल, तर फी कमी होणार का?

तिसऱ्या प्रश्नाला कदाचित हसून उत्तर मिळेल. पहिल्या दोन प्रश्नांना स्पष्ट उत्तर मिळायलाच हवं.