वीकेंड गिअर : थरथर कुठून येतेय, बॉस?

बॉस, एक कबुली देऊन टाकतो. मी एका पिकअपचा अर्धा मालक आहे. अर्धा म्हणजे डाउन पेमेंट माझं, ड्रायव्हिंग मावसभावाचं. मी लॅपटॉपवर एक्सेल शीट सांभाळतो, दादा बाळकुम नाक्यावरून गाडी काढतो आणि कशेळी, काल्हेर, पूर्णा करत भिवंडीच्या गोडाऊनमधून टाइल्स उचलतो. पार्टनरशिप एकदम सॉलिड. निदान मला तरी तसं वाटत होतं.

मग एक दिवस दादा म्हणाला, ‘‘अरे, गाडी थरथरते. पन्नास-साठच्या स्पीडला सीटखाली मुंग्या आल्यासारखं होतं.’’

रविवारी त्याच्या शेजारी बसलो. कापूरबावडीपर्यंत गेलो, माजिवड्याहून वळून परत आलो. काही नाही! खड्ड्यांचे धक्के तेवढे बसले आणि ते तर ठाणेकरांना जन्मसिद्ध. वर मी ज्ञान दिलं, ‘‘दादा, तुला वहम झालाय. झोप नीट घे.’’

दादाचं पालुपद संपेना. मग त्याच्या समाधानासाठी चाकांचं बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, मागचे दोन टायरही नवे टाकले. माझ्या एक्सेलचा तो महिना लाल झाला. थरथर जिथल्या तिथे.

तेवढ्यात नाशिकची ऑर्डर आली. भाडं चांगलं, परतीचा मालही नक्की. दादा म्हणाला, ‘‘ही गाडी मी कसारा घाटात नेणार नाही.’’ आणि मी जे बोलायला नको होतं, तेच बोललो, ‘‘मग हप्ता कोण भरणार?’’

दादा गप्प झाला. दोन दिवस फोन नाही. आमच्या घरात ही फार मोठी गोष्ट आहे.

शनिवारी सकाळी मीच ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. आधी प्रश्न विचारले. कितीच्या स्पीडला होतं? स्टिअरिंग हलतं की सीट? ब्रेक मारल्यावर वाढतं का? अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर? उभ्या गाडीत होतं का? उत्तरं सगळी दादाकडे होती. माझ्याकडे एकही नव्हतं. शेवटचा प्रश्न मात्र माझ्यासाठी होता, ‘‘साहेब, तुम्ही बसलात तेव्हा गाडीत माल होता?’’

नव्हता.

‘‘मग तुम्ही कुठली गाडी बघितली? ती गाडी वेगळी, भरलेली वेगळी.’’

साधी गोष्ट आहे. दीड टन माल चढला की मागचे पाटे बसतात, मागचा अ‍ॅक्सल चॅसिसच्या जवळ येतो आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. शिवाय तोच वेग गाठायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. जे ढिलं आहे, ते तेव्हाच तोंड उघडतं.

सोमवारी रजा टाकली आणि भरलेल्या गाडीत तिघं बसलो. मोकळा पट्टा बघून दादाने साठ गाठले आणि मला पहिल्यांदा ते जाणवलं. धक्के नव्हते, बारीक, सलग घूंऽऽ होती. पाठीच्या कण्यात शिरणारी. दादा दिवसाला सहा-सात तास त्यावर बसत होता.

मिस्त्रींनी दादाला क्षणभर क्लच दाबायला सांगितला. इंजिनचा आवाज खाली आला. थरथर थोडी कमी झाली, पण राहिली. म्हणजे इंजिन सुटलं. उरली चाकं आणि शाफ्ट.

आता माझ्यातला इंजिनीअर जागा झाला. या टायरचा एक फेरा म्हणजे साधारण २.२ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साडेसात वेळा फिरतं. चाकात दोष असेल तर थडथड, थडथड अशी जवळजवळ मोजता येईल अशी लय मिळते. प्रोपेलर शाफ्ट मात्र चाकाच्या साधारण चौपट फिरतो, सेकंदाला तीस फेरे. तो मोजता येत नाही, त्याची घूं होते. आमची घूंच होती. बॅलन्सिंग आणि टायरवर घातलेले पैसे त्या क्षणी डोळ्यांसमोरून गेले.

‘‘गाडी उचलताना टक्क आवाज येतो का?’’ मिस्त्रींनी विचारलं. ‘‘पावसाळ्यापासून येतो,’’ दादा म्हणाला. मला कधी सांगितलं नाहीस, असं मी म्हणणार होतो. मग आठवलं, मी कधी विचारलंच नव्हतं.

गाडी खाली करून पिटवर घेतली. शाफ्टच्या टोकाला जॉइंटमध्ये क्रॉस असतो, अधिक चिन्हासारखा, चारही टोकांना सुईसारखी बारीक बेअरिंगं. मिस्त्रींनी शाफ्ट हाताने पिळला आणि तो जागच्या जागी हलला. एका टोकातून लालसर भुकटी गळली. ग्रीस संपून सुका पडलेला, गंजलेला क्रॉस.

शाफ्ट सोडण्याआधी त्यांनी दोन्ही भागांवर खडूने खुणा केल्या. का? हा जॉइंट १६व्या शतकातल्या इटालियन कार्दानोच्या नावाने ओळखला जातो आणि त्याचं एक वैशिष्ट्य १७व्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने मांडलं. जॉइंट कोनात फिरला की पलीकडचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही, दर फेऱ्यात दोनदा पुढे-मागे होतो. दुसरा जॉइंट पहिल्याची चूक खोडतो, पण दोघांचे काटे एका रेषेत असतील तरच. जोडताना दातेरी भाग जरा सरकून बसला की नव्या क्रॉससकट थरथर चालूच. मिस्त्रींना हूक माहीत नव्हता. खडू माहीत होता.

मग त्यांनी विचारलं, ‘‘ग्रीसिंग कधी केलं होतं?’’

दादा माझ्याकडे बघत होता. बोलला काहीच नाही. सहा महिन्यांपूर्वी एक्सेलमध्ये ‘ग्रीसिंग’च्या ओळीपुढे मीच लिहिलं होतं: ‘अनावश्यक, दोन सर्व्हिसमधून एकदा.’ पावसाळाभर कशेळी-काल्हेरच्या पाण्यातून गाडी हाकायची आणि ग्रीस वाचवायचं, हा माझा कॉस्ट कटिंगचा फंडा.

तो क्रॉस घाटात तुटला असता तर शाफ्ट खाली पडला असता आणि उतारावर इंजिनाचा रोध एका झटक्यात गेला असता. पुढचं टोक रस्त्यात रुतलं असतं तर गाडी उलटलीही असती. दादा ‘नाही’ म्हणाला तो आळसाने नव्हे.

तुमच्यासाठी शॉर्टकट:

● ठरावीक स्पीडला स्टिअरिंग थरथरतं : पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा टायरला आलेला फुगा बघा.

● सीट आणि फ्लोअर थरथरतात : मागची चाकं किंवा शाफ्ट.

● फक्त ब्रेक मारल्यावर : डिस्क किंवा ड्रम.

● उभ्या गाडीतही : इंजिन किंवा त्याचं फाउंडेशन.

● तोच स्पीड, वेगळा गिअर : थरथर बदलली तर संशय इंजिनावर. तशीच राहिली तर चाकं-शाफ्टवर.

● अचानक सुरू झाली आणि वाढतेय : बाजूला घ्या, चाकाचे नट तपासा. ‘घरी जाऊन बघू’ नको.

आणि हो, अलाइनमेंटने टायर तिरके झिजायचे थांबतात. थरथर सहसा नाही.

नवा क्रॉस बसला, ग्रीस भरलं. दादाला सॉरी म्हणालो. ‘‘चल, वडापाव खाऊ,’’ एवढंच तो म्हणाला. आता एक्सेलमध्ये ग्रीसिंगची ओळ सगळ्यात वर आहे आणि खाली नवी एक ओळ आहे : ‘दादाची तक्रार.’ दर शनिवारी मी फोन करून ती भरतो.

गेल्या आठवड्यात नाशिकची ट्रिप झाली. घाट चढून इगतपुरीला चहाला थांबल्यावर दादाचा फोन आला.

‘‘काय रे दादा, गाडी काय म्हणतेय?’’

‘‘काहीच नाही.’’