म्हातारा झाला म्हणे कॉम्प्युटर!



बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ज्यांची कॉम्प्युटरची दुकानं आहेत अशा मित्रांनी (आणि एका भाचेजावयांनी) मनावर घेऊ नये.

२०२५ च्या दिवाळीत नामपूरला गेलो होतो. फराळाचं ताट पुढे येतंय न येतंय तोच आप्पांनी विषय काढला. "आपला कॉम्प्युटर आता बदलावा लागेल. म्हातारा झाला म्हणतात." कोण म्हणतं? तर तालुक्याच्या गावचा एक दुकानदार. त्याने मशीन उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. फोनवरच विचारलं, कधी घेतला होता? आप्पा म्हणाले, २०१६ ला. झालं! निकाल लागला. "नऊ वर्षं झाली, काका. त्यात विंडोज पण बंद झालं. पंचेचाळीस हजारात मस्त नवीन बसवून देतो."

पंचेचाळीस हजार. कांद्याला क्विंटलमागे हजार रुपये भाव धरला तर ४५ क्विंटल कांदा. काढणी, वाहतूक, हमाली, तोलाई वेगळी. नामपूरच्या मार्केटात ट्रॅक्टरच्या रांगेत रात्र काढलेल्या माणसाला हा आकडा नुसता आकडा वाटत नाही.

आणि खरं सांगू का, पैशापेक्षा मला दुसरंच लागलं. आप्पांनी वयाच्या साठीनंतर कॉम्प्युटर शिकला. कांद्याच्या पट्ट्या, खताची बिलं, मजुरीचा हिशेब, सगळं एक्सेलमध्ये. नऊ वर्षांचं. सहा महिन्यांपासून ते त्याच्याकडे जायचेच बंद झाले होते, परत वहीत लिहायला लागले होते. का, तर "मला जमत नाही आता, काहीतरी चुकतं माझ्याकडून." मशीन हळू चालतंय आणि माणूस स्वतःला दोष देतोय!

तर माझं म्हणणं एवढंच आहे, की "म्हातारा झाला" हे निदान नाही. ती विकणाऱ्याची भाषा आहे. प्रोसेसर २०१६ साली सेकंदाला जेवढी गणितं करत होता तेवढीच आजही करतो. त्याचे गुडघे दुखत नाहीत. मशीन हळू झालं असेल तर त्याला कारण असतं, ते शोधता येतं, आणि बहुतेक वेळा नव्या मशीनच्या दहाव्या हिश्शात दूर करता येतं.

आप्पांच्याच मशीनचं सांगतो. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. बटण दाबल्यापासून एक्सेलची फाईल उघडेपर्यंत घड्याळ लावून मोजलं, सहा मिनिटं चाळीस सेकंद. तेवढ्यात आईचा चहा होऊन कपबशा विसळून झाल्या.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला, आणि डिस्क मात्र १०० टक्के. म्हणजे ज्याला म्हातारा म्हणत होते तो बिचारा ओट्यावर बसून वाट बघत होता, आणि मेहनत चालली होती भलत्याचीच. हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती फिरत फिरत सुईखाली येईपर्यंत थांबावं लागतं, शिवाय सुईला इकडून तिकडे जावं लागतं. अशी विखुरलेली लहान लहान कामं ती सेकंदाला फार तर शंभराच्या आसपास करू शकते. २०१६ सालीही तेवढीच करत होती. मग तेव्हा कसं भागत होतं? तेव्हा मागणारे कमी होते हो!

आता मागणारे कोण कोण होते ते ऐका. मशीन सुरू झालं की आपोआप उठणारे १७ प्रोग्रॅम. प्रिंटरचा (जो प्रिंटर २०१९ मध्येच भंगारात गेला), दोन अँटिव्हायरस एकमेकांवर पहारा ठेवणारे, एक "पीसी फास्ट करा" म्हणणारा, व्हिडिओ कॉलचे दोन, आणि एक कसलासा टूलबार जो कोणी टाकला हे घरात कोणीही कबूल करायला तयार नाही. त्यात ४ जीबी रॅम. ब्राउजरच्या पाच-सात खिडक्या उघडल्या की रॅम भरते, मग विंडोज उरलेलं सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसं परत आणतं. म्हणजे आधीच दमलेल्या डिस्कवर आणखी एक फेरी. एका विहिरीवर सतरा मोटारी लावल्या तर पाणी कमी येणारच. त्यात विहिरीचं वय काढून काय उपयोग?

आणखी एक गंमत. आप्पा रोज रात्री शिस्तीत शट डाउन करतात. टास्क मॅनेजर मात्र सांगत होता की मशीन ४१ दिवस चालूच आहे. खोटं नाही ते! विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय आहे. त्यात शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा तसाच डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. साचलेला गोंधळही त्याच्यासोबत परत येतो. पाटी कोरी व्हायला "रीस्टार्ट"च करावं लागतं. हे एक वाक्य त्या दुकानदाराने फोनवर फुकट सांगितलं असतं तरी निम्मा आशीर्वाद मिळाला असता.

मग कॅबिनेट उघडलं. काय सांगू! धुळीचा गालिचा, आणि त्यात अडकलेले कांद्याचे लालसर पापुद्रे. घराला लागून चाळ आहे, दुसरं काय होणार. पंख्याची पाती धुळीने जाड झालेली, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली. आमच्या बागलाणात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. त्यात प्रोसेसरला गार करणारं काही उरलं नाही की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे त्याने स्वतःचा जीव वाचवला आणि आपण त्याला म्हातारा ठरवलं.

आता दुसऱ्या रोगाकडे येतो. तो म्हणजे "फॉरमॅट मार". नवीन घ्यायला गिऱ्हाईक तयार नसलं की हे औषध निघतं. फॉरमॅट केल्यावर मशीन पळतं, खोटं नाही. पण का पळतं? वरचे सतरा भाडेकरू बाहेर गेले म्हणून. सहा महिन्यांत ते परत येतात आणि पुन्हा फॉरमॅट.

२००९ साली आमच्या आधीच्या कॉम्प्युटरला असाच एकाने फॉरमॅट मारला. "महत्त्वाचं काही नाही ना?" असं त्याने विचारलं होतं, आणि मीच घाईत "नाही" म्हणालो. त्यात आजीच्या आवाजातली अहिराणी गाणी होती. लग्नातली, जात्यावरची, सव्वा तासाचं रेकॉर्डिंग. आजी २००७ मध्ये गेली होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्या माणसाला दोष देत नाही, दुसरी प्रत न ठेवण्याचं पाप माझंच. पण रोग न बघता औषध देणाऱ्या या पद्धतीवरचा माझा राग तेव्हापासूनचा आहे. आत्या, सुरतेहून तुम्ही अजूनही ती गाणी मागता. उत्तर हे आहे. आजवर लिहायची हिंमत झाली नव्हती.

असो.

आता मोठ्या लोकांकडे वळू. निकलाउस विर्थ नावाचे फार मोठे संगणकशास्त्रज्ञ होते, पास्कल भाषेचे जनक. २०२४ च्या १ जानेवारीला गेले. त्यांनी १९९५ मध्येच एका लेखात तक्रार केली होती, की यंत्रं जेवढ्या वेगाने सुधारतायत त्यापेक्षा जास्त वेगाने सॉफ्टवेअर जड होतंय. त्याच वर्षी विंडोज ९५ आलं, त्याला कमीत कमी ४ एमबी रॅम लागायची. २००१ च्या एक्सपीला ६४ एमबी. २०२१ च्या विंडोज ११ ला ४ जीबी. सव्वीस वर्षांत हजार पट! आप्पांच्या पट्ट्यांची बेरीज हजार पट अवघड झाली का हो?

कोणी म्हणेल, त्या बदल्यात मिळालंही खूप. मान्य. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड नीट आलं नसतं तर मी हे लिहिलंच नसतं. सुरक्षाही वाढली. कधी कधी तर सुरक्षेसाठीच वेग द्यावा लागतो. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी जाहीर झाल्या, त्या झाकणाऱ्या अपडेट्सनी जुनी मशीन्स खरोखरच थोडी मंदावली. ते ठीक. पण वेग का गेला हे गिऱ्हाइकाला सांगा तरी! डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग ते अपडेटमधून कमी करत होते. फोन अचानक बंद पडू नये हा हेतू, पण लोकांना सांगितलं नव्हतं. बॅटरी बदलली की फोन पूर्ववत! किती जणांनी तोवर नवा फोन घेतला असेल? फ्रान्सने २०२० मध्ये याच न सांगण्याबद्दल अडीच कोटी युरोंचा दंड केला.

आणि ते "विंडोज बंद झालं". १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, हे खरं. मशीन बंद पडलं, हे खोटं. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेट्सची वाढीव मुदत जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, म्हणून आप्पांचं मशीन त्यात बसत नाही. ते मंद आहे म्हणून नव्हे, यादीत नाही म्हणून! अशांना लिनक्स मिंट आहे, फुकट आहे, मराठीही चालतं. मात्र लग्नपत्रिका छापणाऱ्याला श्रीलिपी लागते, त्याला हा सल्ला देऊ नका, शिव्या खाल. आणि सुरक्षा अपडेट्स थांबलेल्या मशीनवर बँकेचे व्यवहार कोणीच करू नका, हेही तितकंच खरं.

मग आम्ही काय केलं? क्रमाने सांगतो, क्रम महत्त्वाचा आहे.

१. आधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर. हे झाल्याशिवाय बाकी कशाला हात नाही.

२. हार्ड डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या फुकट प्रोग्रॅमने ती तपासली. डिस्क खरंच मरायला टेकली असेल तर तिच्यावर प्रयोग करत बसायचं नसतं.

३. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपच्या यादीतले १७ पैकी १४ बंद. दोन्ही अँटिव्हायरस आणि तो "फास्ट करा"वाला काढून टाकला. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमांनी वेग वाढत नाही, उगाच काहीतरी मोडतं.

४. धूळ साफ. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर गरगर फिरून खराब होतो. प्रोसेसरला नवी पेस्ट. रॅमच्या पट्टीवर खोडरबर (हसू नका, चालतं).

५. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी. एसएसडीत फिरणारं काही नसल्यामुळे शंभराच्या जागी सेकंदाला हजारो कामं होतात. सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो. जुनी हार्ड डिस्क फोटोंसाठी आत तशीच ठेवली. एक लक्षात ठेवा, डीफ्रॅग हार्ड डिस्कला करतात, एसएसडीला नाही.

पेस्टसकट एकूण खर्च चार हजार दोनशे. (हा तेव्हाचा भाव. त्यानंतर रॅम आणि एसएसडी दोन्ही चांगलेच महागले आहेत. आधी पहिल्या चार गोष्टी करून बघा, कदाचित पाचवी लागणारही नाही.) सहा मिनिटं चाळीस सेकंदांचे झाले अडतीस सेकंद.

प्रत्येक मशीन वाचतंच असं मी म्हणत नाही. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले असतील, किंवा एक जीबी रॅमचं पंधरा-वीस वर्षांचं मशीन असेल तर सोडून द्या त्याला. व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर नवंच घ्या. पण आधी कारण विचारा. "कोणता भाग हळू आहे?" एवढाच प्रश्न. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून ना नवीन घ्या, ना फॉरमॅट मारून घ्या. गाडीचं पंक्चर काढायला गेलात आणि मेकॅनिक म्हणाला "गाडी म्हातारी झाली", तर ऐकून घ्याल का?

भाऊबीजेला चुलतभाऊ आला. सगळं बघून म्हणतो, "पण शेवटी जुनाच ना हा?" आप्पा पट्ट्या टाईप करत होते. मान वर न करता म्हणाले, "मना गुडघा दुखस म्हनीसन काय नवा बाप आनशी का?" (अहिराणी विसरलेल्या भाचरांसाठी: माझा गुडघा दुखतो म्हणून काय नवा बाप आणशील?)

चुलतभाऊ गप्प. वहीतले सहा महिन्यांचे हिशेब दिवाळी संपायच्या आत एक्सेलमध्ये चढले होते.

तुमच्याही घरी असा कोणी "म्हातारा" कोपऱ्यात पडला असेल तर या रविवारी उघडून बघा. आणि त्याआधी, हात जोडून सांगतो, फायलींची एक प्रत काढून ठेवा. आजीची गाणी परत येत नाहीत.