मूठ उघडी हवी

राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत नाताळ जवळ आला, की कुणाच्या दारी किती मोठा तारा लागला, याचीच चर्चा. गेल्या वर्षी मीही मोठ्या ताऱ्यासाठी हट्ट धरला. वडील एवढेच म्हणाले, "अरे, ताऱ्याने गव्हाणीची वाट दाखवली होती, आपल्या घराची नव्हे."

तेव्हा रेव्हरंड ना. वा. टिळक आठवले. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली व 'देवाचा दरबार' उभारला. तथापि पैसा टाकला की आत्मा आपोआप श्रीमंत होतो, असे मला वाटत नाही. टिळकांच्या विरक्तीची झळ लक्ष्मीबाईंच्या संसारालाही लागली, हे 'स्मृतिचित्रे' वाचणारास ठाऊक आहे. उलट पंडिता रमाबाईंकडे परदेशांतून देणग्या आल्या. त्यांतून १८९६-९७ च्या दुष्काळात होरपळलेल्या शेकडो मुलींना केडगावी आसरा मिळाला. पैसा हाती आला, पण मुठीत अडकला नाही.

ख्रिस्ताने दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचे कौतुक केले. तिने हातचे काही राखले नव्हते. म्हणून मित्रहो, खिसा भरलेला की रिता, यापेक्षा मूठ उघडी की मिटलेली, हे पाहावे.

यंदा आमच्या दारी जुनाच तारा लागेल. वाचलेल्या पैशांचा हिशेब मात्र मला अजून द्यायचा आहे.