फिरावं, पण ओझं होऊ नये



पैसे भरून दोन आठवडे परदेशात ‘सेवा’ करायची टूम हल्ली अमरावती-अकोल्यातही आली आहे. मुलींना अडवू नये, पण फिरणाऱ्याचं ओझं गावावर पडू नये, हे सांगावं. आपल्या साध्वीजी विहारात गोचरीला घरोघरी थोडं थोडंच घेतात, ते याचसाठी. शेंडगावचे गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, भाकरी नंतर. सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले, चिनी भाषा शिकले, 1942 मध्ये तिथेच सेवा करताना वारले. भाषा शिकायलाही वेळ नसेल, तर अमरावतीचं तपोवन जवळ आहे. तिथे दर महिन्याला जाता येतं, फोटो नाही काढला तरी चालतं.