कर्णधार ओळखावा चेंडू देताना

दिवाळीनंतर सोयाबीनची रास घरात आली, की लोहा-कंधारच्या पट्ट्यात टेनिस बॉलच्या स्पर्धांना ऊत येतो. सहा-आठ षटकांचे सामने, कुणा ना कुणाच्या नावाचा चषक आणि माईकवर अखंड कॉमेंट्री. या संघांचा कॅप्टन कसा ठरतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एंट्री फी ज्यानं भरली तो. नाहीतर जर्सीवर ज्याच्या भावाचा फोटो आहे तो. यातलं काहीच नसेल, तर सगळ्यात लांब षटकार मारणारा. हरकत घ्यावी तर उत्तर तयार असतं : "कॅप्टनला असतं काय काम? टॉस करायचा, चार वेळा ओरडायचं. मॅच तर खेळणारे जिंकतात." गावातल्या पोरांचा हा समज आहे म्हणून सोडून दिलं असतं, पण तो पार वरच्या क्रिकेटपर्यंत पोचलेला आहे, म्हणून त्याचा समाचार घेणं भाग आहे.

सर्वांत चांगला खेळाडू तोच सर्वांत चांगला कर्णधार, हा त्यातला पहिला भ्रम. सचिनवर जीव टाकणाऱ्यांनी रागावू नये, पण त्याच्या नेतृत्वाखालच्या 25 कसोटींत भारतानं 4 जिंकल्या आणि 9 गमावल्या. इयन बोथमनं इंग्लंडचं नेतृत्व 12 कसोटींत केलं आणि एकही जिंकली नाही. 1981 मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीनंतर तो पायउतार झाला आणि माइक ब्रिअर्लीला परत बोलावलं गेलं. कसोटीत एकही शतक नसलेला हा माणूस निव्वळ फलंदाज म्हणून संघात बसलाच नसता. पुढच्याच कसोटीत, हेडिंग्लेला, फॉलोऑन मिळालेल्या इंग्लंडनं ऑस्ट्रेलियाला 18 धावांनी हरवलं. बोथम नाबाद 149, विलिस 43 धावांत 8 बळी. "मग ब्रिअर्लीनं काय केलं? जिंकवलं तर बोथम-विलिसनं," असं कुणी म्हणेल. पण दोन आठवड्यांपूर्वी हीच दोन माणसं याच संघात होती की! विलिस चुकीच्या टोकाकडून धापा टाकत होता; ब्रिअर्लीनं त्याचं टोक बदललं, आणि 1 बाद 56 वर असलेला ऑस्ट्रेलिया 111 मध्ये गारद झाला. टोक बदलणं ही धावफलकावर न दिसणारी गोष्ट आहे.

आता घरचं उदाहरण. 1971 साली पतौडीच्या नवाबाच्या जागी स्टेट बँकेत नोकरी करणारे अजित वाडेकर कर्णधार झाले, तेही विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानं. फेब्रुवारीत किंग्स्टनच्या कसोटीचा पहिला दिवस पावसात गेला. सरदेसाईंच्या 212 धावांच्या जोरावर भारत 5 बाद 75 वरून 387 पर्यंत गेला आणि वेस्ट इंडीज 217 मध्ये संपला. फरक 170 धावांचा. पाच दिवसांच्या कसोटीत फॉलोऑनला 200 ची आघाडी लागते. पण पहिला दिवस वाया गेला असेल तर सामना चार दिवसांचा धरतात आणि 150 पुरतात. वाडेकरांच्या डोक्यात हे पक्कं होतं. त्यांनी सरळ जाऊन गॅरी सोबर्सला फॉलोऑन घ्यायला सांगितलं. सामना बरोबरीत सुटला खरा, पण त्या मालिकेत कोण कुणाला घाबरणार हे तिथे ठरलं, असं माझं मत आहे.

पुढची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. वेस्ट इंडीजच्या दुसऱ्या डावात वाडेकरांनी सलीम दुराणीच्या हाती चेंडू दिला. दुराणी म्हणजे लहरी कारभार; लागला तर लागला. त्यानं सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला आणि लॉइडला वाडेकरांच्याच हाती झेल द्यायला लावला. भारतानं वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते असं. सुनील गावसकरांचं पदार्पणही याच सामन्यातलं; त्यांच्या दोन अर्धशतकांच्या झगमगाटात दुराणीचे दोन बळी लोक विसरतात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलवर चंद्रशेखरनं 38 धावांत 6 बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव 101 वर आटोपला. एडरिच समोर असताना सरदेसाईंनी ओरडून चंद्राला सांगितलं, "मिल रीफ टाक!" मिल रीफ हा त्या वर्षी डर्बी जिंकलेला घोडा, म्हणजे तुझा तो सुसाट चेंडू टाक. चंद्रानं टाकला, एडरिचची दांडी गुल. मला या गोष्टीत सरदेसाईंइतकेच वाडेकर दिसतात. ज्या संघात कर्णधाराला न विचारता असा सल्ला ओरडून देता येतो, तो संघ दबून खेळत नसतो. शेवटच्या दिवशी सकाळी धावबाद झाल्यावर वाडेकर ड्रेसिंग रूममध्ये चक्क झोपले होते. उरलेल्या धावा उरलेले लोक काढतील, एवढा त्यांचा भरवसा होता.

दुसरा भ्रम रागाचा. "कॅप्टन कसा कडक पाहिजे, डोळे वटारले की पोरं सरळ झाली पाहिजेत." 1981 मध्ये मेलबर्नला लिलीच्या चेंडूवर पायचीत दिल्यावर गावसकर इतके भडकले, की चेतन चौहानलाही घेऊन मैदान सोडायला निघाले. चौहान दोरीबाहेर गेले असते तर सामनाच हातचा गेला असता. व्यवस्थापकांनी त्यांना सीमारेषेवरून परत पाठवलं. पुढे मांडी दुखावलेल्या कपिलनं 28 धावांत 5 बळी घेतले, ऑस्ट्रेलिया 83 मध्ये संपला आणि भारत 59 धावांनी जिंकला. आपल्या त्या रागाचा पुढे गावसकरांनाच पस्तावा झाला. आणि आमचे कॅप्टन सहा षटकांत सहा वेळा तो राग करतात!

तिसरा भ्रम घराण्याचा आणि पैशाचा. तो सगळ्यात जुना आणि सगळ्यात घाणेरडा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या पळवणकर बाळू यांना हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच रीतसर मिळालं नाही. कारण त्यांची जात. अखेर 1923 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले आणि त्याच वर्षी हिंदू संघानं चौरंगी स्पर्धा जिंकली.

"हे सगळं जुनं झालं, आता लॅपटॉपवर ठरतं," असंही ऐकू येतं. मग 2020 चं मेलबर्न घ्या. आठवड्यापूर्वी ॲडलेडला 36 मध्ये बाद झालेला संघ, कोहली मायदेशी, शमी जायबंदी. अजिंक्य रहाणेनं पहिल्याच तासात अश्विनला आणलं आणि स्मिथ शून्यावर लेगगलीत पुजाराच्या हाती सापडला. योजना बाहेर आखली असेल; पण पहिल्याच तासात, नव्या चेंडूवर, फिरकीला आणण्याची छाती मैदानात लागते. पुढे 112 वर रहाणे धावबाद झाला तो जडेजासोबतच्या गोंधळात. कपाळावर आठी न आणता जडेजाला धीर देऊन तो परतला.

वाडेकरही 1974 मध्ये इंग्लंडकडून 3-0 असे हरले आणि लॉर्ड्सवर संघ 42 मध्ये गुंडाळला गेला. फलंदाज उभेच राहात नसतील तर कुठला कर्णधार काय करणार? हे मान्य. पण म्हणून त्याच्या कामाची किंमत शून्य होत नाही. दोन षटकार खाल्लेल्या पोराकडे तो धावत जाऊन काय बोलतो, शेवटची ओव्हर कुणासाठी राखून ठेवतो, कच्चा फिल्डर कुठे उभा करतो, यात सहा षटकांचा सामनासुद्धा इकडचा तिकडे होतो. तेव्हा आयोजकांना आणि संघवाल्यांना एवढंच सांगणं : चषकाला देणगीदाराचं नाव द्या, जर्सीवर त्याचा फोटो छापा, बक्षीसही त्याच्याच हस्ते वाटा. कॅप्टन मात्र अकरा जणांना ठरवू द्या.