आमचा तंबू, त्यांचं पाल

गेल्या डिसेंबरात मित्रांबरोबर राधानगरी तालुक्यात कॅम्पिंगला गेलो. भोगावतीचा काठ, वर बंद बॉक्साइट खाणीनं उकरून टाकलेला लाल सडा. वीज नाही, संडास नाही, तीन दगडांची चूल. रात्रभर कुणी साधं नावही विचारलं नाही. सकाळी गावातल्या मावशींनी दूध आणून दिलं.

परतताना कोल्हापूरच्या वेशीवर एका मदाऱ्याचं पाल दिसलं. चूल तीन दगडांचीच. दोघेजण दरडावत होते, "आधार कार्ड दाखव. अंधाराच्या आत हल इथून."

आमचा तंबू म्हणजे पर्यटन आणि त्याचं पाल म्हणजे अतिक्रमण?

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला. पुढे त्यात आपले छप्परबंदही आले. १९५२ मध्ये कायदा गेला, नजर राहिली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून जमावानं पाच भटक्यांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते. संशयाला धर्म लागत नाही, फाटकं पाल पुरतं.

आपणही हात झटकू नयेत. कुरआनानं जकातीच्या आठ हकदारांत वाटसरू मोजलाय. आपल्या मोहल्ल्याच्या यादीत मदारी, दरवेशी आहेत का? मी आमची यादी पाहिली. एकही नाव नव्हतं.

याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये 'गुन्हेगार' म्हटलेल्या जमातींची हजेरी बंद केली. आपण ती आधार कार्डावर पुन्हा सुरू केली आहे.