पुस्तिका खुली असावी

लिब्रेऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शक पुस्तिका स्वयंसेवक लिहितात. त्या वाचनासाठी पीडीएफ व फेरबदलासाठी ओडीटी, अशा दोन्ही स्वरूपांत प्रसिद्ध होतात. अनुवादाचीही मुभा असते. नांदेड-लातूरच्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी त्या मराठीत आणाव्यात; मात्र केवळ पीडीएफवर थांबू नये, असे आम्हांस वाटते. छपाईस पीडीएफ उत्तम. पण वसतिगृहातील मुलांपाशी बहुधा मोबाइलच असतो, त्याच्या पडद्यास ईपब सोयीचे.

शिवाय पीडीएफमधील चूक वाचकाला दिसते, सहज सुधारता येत नाही. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराचाच अधिकार नाकारला गेला, त्यांना आपणही केवळ वाचकच ठेवायचे काय? मूळ ओडीटी सर्वांस खुली असावी, तीही युनिकोडमध्ये. जुन्या डीटीपी फॉन्टांतील मजकूर (कित्येक स्मरणिका त्यातच अडकल्या!) तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हेच दाखवतो.